८४ सेकंद

(सोलापुरात तरुणांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा थोडा संपादित मजकूर)



मला इथं बोलायला बोलावलं तेव्हा विषय विचारला गेला. मी म्हणालो, ट्रॅफिक. समोरून जरा वेळ आवाजच आला नाही. आपल्या बैठकांमध्ये शिक्षण असतं, तलाक असतो, नोकऱ्या असतात. ट्रॅफिक म्हणजे टपरीवर चहा पिताना बोलायची गोष्ट. पण आत येताना मी बाहेरच्या गाड्या मोजल्या. इंजिनिअर आहे, मोजायची खोड आहे. एक्केचाळीस दुचाक्या. त्यातल्या सहांच्या आरशाला हेल्मेट लटकत होतं. गाड्या लावल्या आहेत तीन रांगांत, म्हणजे निम्मा रस्ता आपण घेतलाय. एक रिक्षावाला आत शिरला, पाहिलं, काहीतरी पुटपुटला आणि रिव्हर्स घेऊन गेला. काय पुटपुटला ते ऐकू आलं नाही, पण अंदाज आहे. तेव्हा विषय बरोबर आहे असं समजू या.

मी पुण्यात आठ वर्षं नोकरी केली. हिंजवडीची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आलो आणि इथंच राहिलो. वाटलं, सुटलो. सोलापुरात कुठूनही कुठं जा, दहा मिनिटं. आपण सगळे हेच म्हणतो ना? आणि म्हणूनच आपण सगळे बरोबर दहाच मिनिटं आधी निघतो. पुण्यात माणूस उशीर होणार हे धरून चालतो. इथं एक सिग्नल लागला की हिशोब कोलमडतो आणि राग येतो.

माझं घर नई जिंदगीत, कामाची जागा जुळे सोलापूरला. मध्ये आसरा पूल. पुलाबद्दल इथं कुणाला काही सांगायची गरज नाही, तुमचे चेहरेच सांगतायत. मुलाला शाळेत सोडायचं तर सात रस्ता. सात दिशांनी येणारा प्रत्येक जण मनात म्हणतो, मी निघून जातो, बाकीचे सहा थांबतील. सिग्नलवर आकडे उलटे मोजले जातात, तीन राहिले की मागून हॉर्न. मला आजवर कळलेलं नाही की त्या तीन सेकंदांत पुढच्या माणसानं काय करावं अशी अपेक्षा असते. नवी पेठेत खरेदी दहा मिनिटांची, गाडी लावायला वीस मिनिटं. पाइपलाइनसाठी रस्ता खोदतात, बुजवतात, तो खचतो, मग तिथं कुणीतरी झाडाची फांदी रोवून ठेवतं. देशातल्या पहिल्या वीस स्मार्ट सिटींची यादी जानेवारी २०१६ मध्ये आली. महाराष्ट्रातून त्यात दोनच नावं होती, पुणे आणि सोलापूर. अब्बा त्या फांदीकडे बोट दाखवून म्हणतात, "ते बघ, तुझं सेन्सर."

तीन वर्षांपूर्वी जुनी कार घेतली. तेव्हा एक गंमत कळली. बाइकवर असलो की मला कारवाल्यांचा राग येतो, एकटा माणूस एवढी जागा घेऊन बसलाय. कारमध्ये बसलो की बाइकवाल्यांचा, डावीकडून काय घुसतात, आरसा तोडतील. आणि पायी मशिदीत किंवा मंडईत निघालो की दोघांचाही. माणूस तोच, रस्ता तोच. या तिघांपैकी खरं बोलतोय कोण, हा प्रश्न मी बरेच दिवस टाळला.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगतो. घरच्यांशिवाय फार कुणाला सांगितलेली नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे, त्यांच्या मालाच्या नोंदीचं सॉफ्टवेअर मी करतो. मे महिना, संध्याकाळचे साडेपाच, बाहेर पडलो तरी झळा लागत होत्या. तेवढ्यात अम्मीचा फोन. "पाणी आलंय, मोटर लागत नाहीये, लवकर ये." सोलापूरच्या माणसाला याचा अर्थ कळतो. चार-पाच दिवसांनी पाणी येतं, ते चुकलं तर पुढचे चार-पाच दिवस टँकर. बायको ड्यूटीवर, अम्मीचे गुडघे गेलेले, बादल्या कोण उचलणार?

कारखान्याचं गेट ज्या बाजूला आहे तिथून कायद्यानं निघायचं तर आधी शहराच्या उलट दिशेला जायचं, डिव्हायडरच्या कटला वळायचं आणि परत यायचं. कट साधारण साडेतीनशे मीटरवर आहे. मी उलट्या बाजूनं निघालो, शहराकडे. सगळे तसेच जातात. कामगार जातात, मालाचे टेम्पो जातात. त्या गेटचा वॉचमन मला हातानं तोच रस्ता दाखवायचा.

रस्त्याच्या कडेला एका विडी कारखान्याची शाखा आहे. विड्या जमा करून, दुसऱ्या दिवसाची पानं आणि तंबाखू घेऊन बायका निघाल्या होत्या. त्यातली एक, साठीच्या आसपासची, रस्ता ओलांडत होती. पलीकडे कुंभारीला जाणारी रिक्षा मिळते. डिव्हायडरवर ती थांबली. शहराकडून गाडी येत नाही ना, हे तिनं वाकून पाहिलं. नाही, असं बघून पाय टाकला. तिनं अगदी बरोबर बाजूला पाहिलं होतं. जिकडून गाडी यायलाच नको, तिकडून मी आलो.

वेग फार नव्हता, पंचवीस असेल. हँडल तिच्या पिशवीत अडकलं आणि ती हातावर पडली. पानांचा गठ्ठा सुटला आणि सगळी पानं रस्त्यावर.

लोक जमले. पहिला प्रश्न कुणीतरी विचारला, "नाव काय रे तुझं?" तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, हा प्रश्न आपल्याला कसा ऐकू येतो. खरं सांगतो, माझा पाय किकवर होता. गाडी चालू झाली असती तर मी गेलो असतो की थांबलो असतो, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. मी नाव सांगितलं. क्षणभर सगळे गप्प. आणि खाली बसलेल्या त्या बाई ओरडल्या, "अगोदर मला उठवा की ओ! नावं काय विचारत बसलात?"

त्या वाक्यानं तिथली हवा बदलली. दोघांनी रिक्षा थांबवली. एका पोरानं पानं गोळा केली, एकेक करून, फाटू न देता. मी त्यांच्यासोबत दवाखान्यात गेलो. उजवं मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर.

आता विडी कशी वळतात ते ज्यांच्या शेजारी विडी कामगार राहतात त्यांनी पाहिलं असेल. पान भिजवायचं, कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. दोन्ही हातांचं काम आहे, आणि मजुरी हजार विड्यांवर. मनगट गेलं म्हणजे हजेरी गेली. मी सहा आठवड्यांची मजुरी दिली, दवाखान्याचा खर्च केला. त्यात काही मोठेपणा नाही, ते देणंच होतं. पण दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो तेव्हा सुपात तंबाखू घेऊन त्यांची नात बसली होती. बारावीत आहे. आजीचं कार्ड बंद पडू नये म्हणून शाळेतून आल्यावर ती विड्या वळत होती. तिचे ते सहा आठवडे मला कशानं भरून देता येतील, सांगा.

त्यांचं घर कुंभारीला, विडी कामगार महिलांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत. दहा हजार घरांची वसाहत आहे, २००६ मध्ये घरं मिळाली. त्याच भागात नंतर रे नगर झालं. एकूण तीस हजार घरांची योजना, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला दिल्या गेल्या. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, फेरीवाले, कचरावेचक, सगळे कष्टकरी. घर मिळणं फार मोठी गोष्ट आहे. पण घर शहराबाहेर आणि काम शहरात, म्हणजे रोज ये-जा आली, आणि ती कोंबलेल्या रिक्षात किंवा रस्त्याच्या कडेनं पायी. एसएमटीची बस वेळेवर मिळते असं इथं बसलेल्या कुणाला म्हणायचं असेल तर हात वर करा. बघा. आपण ट्रॅफिक म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर गाड्या असतात. ती बाई आपल्या ट्रॅफिकमध्ये मोजलेलीच नसते.

पोलिसांचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ असं म्हणतं की अपघात झाला तर चालकानं जखमीला उपचार मिळतील हे पाहायचं आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायचं. बाई म्हणाल्या, नको बाबा पोलीस. त्यांचा मुलगा म्हणाला, मिटवून टाका. मला सोयीचंच होतं. पण अब्बांनी विचारलं, "कायदा आपल्यासाठी पाळला जात नाही अशी तक्रार तू सभेत करतोस. मग आज?" मी त्यांच्या मुलाला घेऊन चौकीत गेलो, जबाब दिला. भीती होती. जे व्हायचं ते झालं, भीतीपेक्षा कमीच झालं. मदत करणारे लोकही चौकीच्या नावानं घाबरतात, म्हणून सांगतो: २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४ अ आलं. चांगल्या हेतूनं जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी जबाबदार धरता येत नाही. हे मोहल्ल्यात प्रत्येकाला माहीत हवं.

घरी येऊन मी हिशोब केला. साडेतीनशे मीटर जायचं, साडेतीनशे मीटर परत यायचं, सातशे मीटर. ताशी तीसच्या वेगानं ८४ सेकंद. माझे ८४ सेकंद वाचणार होते. आणि हो, त्या दिवशी पाणी गेलंच.

आता देशाचे आकडे, थोडेच. २०२२ मध्ये भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची, म्हणजे आपण. ३२,८२५ पायी चालणारी. हेल्मेट नव्हतं अशी ५०,०२९. मी सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडे एखादी चूक रोज त्याच जागी होत असेल तर आम्ही वापरणाऱ्याला मूर्ख म्हणून सोडून देत नाही, रचना तपासतो. त्या गेटसमोर रोज दोनशे लोक उलटे जात असतील तर कट कुठं आहे, ओलांडायची जागा कुठं आहे, हे तपासायलाच हवं. पण रचनेकडे बोट दाखवून मी सुटत नाही. रचना वाईट होती आणि गाडी मी चालवत होतो, दोन्ही खरं आहे.

आपल्याकडे मागणी कसली होते? उड्डाणपुलाची. जुना पुणे नाका, बोरामणी नाका, वर्षानुवर्षं ऐकतोय. व्हावेत, माझा विरोध नाही. पण सलग फूटपाथसाठी मोर्चा निघालेला मी अजून पाहिला नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चालण्यायोग्य, अडथळा नसलेला फूटपाथ हा घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात येतो. चार हुतात्मा चौकात आपण कुर्बान हुसेन यांना दरवर्षी १२ जानेवारीला हार घालतो. सोलापुरात नागरिक म्हणून हक्क मागायचा वारसा आपल्याला कुणाकडून उसना घ्यावा लागत नाही.

मागायच्या आधी मात्र जरा आपल्या गल्लीत बघू. जुम्म्याच्या नमाजला मशिदीसमोर गाड्या अशा लागतात की ॲम्ब्युलन्स आली तर ती कुठून जाईल? गड्ड्याच्या गर्दीत, गणपतीत, वरातीत रस्ता अडतो म्हणून आपण बोलतो आणि जुलूस आपला असला की गप्प बसतो. रस्त्यातला काटा बाजूला करणं हा ईमानचा भाग आहे, हे आपण मदरशात कायदा शिकतानाच ऐकलेलं असतं. काटा राहिला बाजूला, आपण तिथं बाइक लावतो. आणि चौदा वर्षांचं पोर दूध आणायला स्कूटर घेऊन जातं, तेव्हा बाप कौतुकानं बघतो. त्या बापाला सांगा, कलम १९९ अ खाली अपघाताची शिक्षा पालकाला आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. शिवाय पोराला पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही.

मघाशी सांगितलं ती नात परवा फोनवर बोलली. बारावीची परीक्षा दिली आहे, आता इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचं विचारत होती. फॉर्म भरताना बसू म्हणालो. तिच्या आजी अजून त्याच ठिकाणी रस्ता ओलांडतात. मनगट थंडीत दुखतं म्हणाल्या. आता दोन्ही बाजूंना बघतात.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता आपण विजापूर वेशीतून निघून सात रस्त्यापर्यंत चालत जायचं आहे. फूटपाथ कुठं आहे, किती रुंद आहे, कुठं तुटतो, त्यावर काय ठेवलंय, सगळं लिहून काढायचं आणि महापालिकेत नेऊन द्यायचं. पुढच्या रविवारी अक्कलकोट रोड, ते गेट आणि तो कट. मोजपट्टी माझ्याकडे आहे, वह्या तुम्ही आणा. आणि आज निघताना, बाहेरच्या तीन रांगांपैकी दोन आधी हलवू. तो रिक्षावाला परत येऊन गेला असेल तर त्याची माफी मागायची राहिली आहे.