नाताळाचं झाड वाळूत

नाताळ सरला की वाळू लागलेल्या झाडाचं करायचं काय? इंग्लंडमध्ये बऱ्याच घरांना हा प्रश्न पडतो. लँकेशायरच्या किनाऱ्यावर, लिदम सेंट ॲन्स इथे, त्याला छान उत्तर सापडलंय. गोळा केलेली झाडं साधारण फेब्रुवारीत स्वयंसेवक वाळूच्या टेकड्यांपुढे चरांत ओळीनं पुरतात. फांद्या वर राहतात. वाऱ्यानं उडणारी वाळू त्यांत अडकते, साचते, टेकडी समुद्राच्या बाजूनं वाढते. मग तिथलं मरॅम गवत मुळांनी ती धरून ठेवतं. या टेकड्या म्हणजे मागच्या वस्तीचा भरतीपासूनचा बांधच! झाड मात्र खरं हवं, आणि चमकीचा एक धागाही त्यावर नको. प्लॅस्टिकचं असेल, तर माळ्यावर ठेवून दरवर्षी तेच काढावं.