विंचवाचा उतारा
(शताब्दी सोहळ्यात केलेले भाषण)

दिंडीला शंभर वर्षं झाली, दोन शब्द बोला म्हणाले. आम्ही चौथी शिकलेले शेतकरी. आज एका डॉक्टरवर बोलतो.

नाथमहाराजांचं विंचवाचं भारूड आपण कैक वर्षं करतोय. त्यातला विंचू कामक्रोधाचा, उतारा सत्त्वगुणाचा. पण गडग्यातल्या, पेंढ्यातल्या लाल इंचवाला तो उतारा चालत नाही. आमच्या लहानपणी चुलत्यांच्या पोराला उडवीतून पेंढा काढताना चावला. भगत रात्रभर मंत्र टाकत होता. पोराला घाम, ओकाऱ्या, हातपाय गार. पहाटे तोंडाला फेस आला नि संपलं. दवाखान्यात नेला असता तरी खात्रीचं औषध तेव्हा डॉक्टरांकडंही नव्हतं. शंभरात चाळीसपर्यंत माणसं दगावत.

कशेडी घाट उतरून पोलादपूर ओलांडलं की महाड. तिथल्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर आले. जालन्याकडच्या देहेड गावचे, गरिबीतून नागपुरात डॉक्टर झालेले. विंचूदंशाच्या रोग्यांजवळ बसून ते सगळं टिपत गेले. त्यांना दिसलं की विषानं शिरा आवळतात, रक्तदाब चढतो, मग हृदय थकतं नि फुप्फुसात पाणी भरतं. पोरं मरतात ती त्यानं. पुढं पुण्यात एम.डी. करून ते परत महाडलाच आले. (शहरात बसते तर बंगले बांधते!) प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी, शिरा सैल करणारी. ती त्यांनी विंचवावर वापरली. लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकात ते छापून आलं. चाळिसाचा आकडा एकाच्या आसपास आला. पत्नी डॉ. प्रमोदिनीताईही या कामात बरोबरीनं. २०२२ साली पद्मश्री मिळाली, हे पेपरात वाचलंच असेल.

आता आपल्या दिंडीचं. आपण शाळेच्या पडवीत, मांडवात भुईवर निजतो. घोंगडी नि चपला झाडून घ्या, बॅटरी उशाशी ठेवा. कुणाला चावलं तर मंत्रवाला शोधू नका. घाम सुटला, ओकारी झाली, हातपाय गार पडले की एक घडीही थांबायचं नाही. गोळी आपल्या मनानं द्यायची नाही, ती डॉक्टर देईल. वीणा खाली ठेवू नये हे खरं, पण ड्रायव्हरला हरिपाठातून उठवायला आमची काही हरकत नाही.