कॅमेऱ्याचा पट्टा कसा निवडावा?

हल्ली बहुतेकांच्या खिशातल्या फोनमध्येच कॅमेरा असतो. तरीसुद्धा शाळेचे स्नेहसंमेलन, गावची जत्रा, लग्नकार्य किंवा माळरानावरचे पक्षी यांची छायाचित्रे नीट टिपायची म्हटली, म्हणजे पुष्कळांना अजून स्वतंत्र कॅमेराच लागतो. तो विकत घेताना आपण दहा दुकाने फिरतो, जाणत्या माणसाला विचारतो. परंतु तो ज्या पट्ट्याला टांगायचा, त्याचा विचार मात्र कोणी करीत नाही. पेटीतून निघाला तो पट्टा अडकवला, की काम झाले! शाळेचा कॅमेरा अनेकदा गावकऱ्यांच्या वर्गणीतून आलेला असतो आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्या तरुणाची तर त्यावर रोजीरोटी असते. तेव्हा एवढा ऐवज ज्याच्या भरवशावर लोंबतो, त्या पट्ट्याची थोडी पारख करणे अगत्याचे आहे.

प्रथम ओझ्याचा विचार करू. मोठा कॅमेरा आणि दूरचे टिपणारे भिंग मिळून दोन किलोंच्या घरात सहज जातात. दोन किलो म्हणजे फार नव्हे, असे वाटेल. पण तेच ओझे अरुंद पट्टीने मानेवर चार तास टांगले, तर संध्याकाळी मान अवघडते. याचे कारण साधे आहे. आपल्या बायाबापड्या पाण्याची घागर उचलताना डोक्यावर चुंबळ ठेवतात. चुंबळीने घागरीचे वजन कमी होत नाही, ते अधिक जागेवर पसरते. पट्ट्याचेही तसेच. दोन सेंटिमीटरऐवजी चार सेंटिमीटर रुंदीचा पट्टा घेतला, की टेकण्याची जागा दुप्पट होते आणि दाब निम्म्यावर येतो. म्हणून लहान कॅमेऱ्याला अरुंद पट्टा चालेल. जड कॅमेऱ्याला रुंद आणि आतून मऊ अस्तर असलेलाच हवा. मात्र रबरासारखा फार ताणणारा पट्टा टाळावा. हातात तो सुखावह वाटतो, पण चालताना कॅमेरा खालीवर उसळत राहतो.

दुसरा प्रश्न, पट्टा घालायचा कसा? मानेत सरळ अडकवला, तर सगळा भार मानेवर येतो. तो एका खांद्यावरून तिरपा, जानव्यासारखा, घेतला तर भार खांद्यावर आणि पाठीवर जातो, कॅमेरा कमरेपाशी राहतो आणि गर्दीत कोणी हिसकावण्याची भीतीही कमी होते. दिवसभराच्या कामाला हीच पद्धत बरी. कॅमेरा अगदी हलका असेल, तर मनगटात अडकवायची छोटी पट्टीही पुरते.

आता मजबुतीकडे वळू. पट्ट्याचे कापड सहसा तुटत नाही. दगा देतो तो सांधा. समजा, दीड किलोचा कॅमेरा हातातून सुटला, अर्धा मीटर खाली आला आणि पट्ट्याने त्याला पाच सेंटिमीटरांत अडवले. त्या क्षणी पट्ट्यावर सरासरी साडेसोळा किलो वजनाइतकी ओढ बसते. म्हणजे नुसत्या वजनाच्या अकरा पट! ही ओढ शिवण, बक्कल आणि कॅमेऱ्याच्या दोन्ही कानांतल्या कड्या यांनी सोसायची असते. म्हणून विकत घेताना शिवण पाहा. ती एका सरळ ओळीची नसावी. चौकोन घालून आत फुली मारलेली असावी. किल्ल्यांच्या जुडग्यात असते तशी गोल कडी असेल, तर तिचे तोंड उघडलेले नाही ना, हे नखाने चाचपून पाहा. बक्कलातून पट्टी ओवल्यावर तिचे टोक पुन्हा मागे वळवून आतल्या बाजूने खोचा आणि निदान पाच सेंटिमीटर शेपूट शिल्लक ठेवा. नाहीतर ती हळूहळू सरकत जाते, आणि कळते तेव्हा कॅमेरा जमिनीवर असतो.

काही तिरपे पट्टे कॅमेऱ्याच्या बुडाशी, तिपाई बसवण्याच्या आट्यात, एका स्क्रूने बसवतात. सोय चांगली आहे. पण चालता चालता स्क्रू सैल होतो. तो दर तासाला चाचपावा आणि जोडीला एक लहानशी दोरी कॅमेऱ्याच्या कानात अडकवून ठेवावी. एक सुटले तर दुसरे धरील.

घरच्या घरी परीक्षा करायची असेल, तर पिशवीत कॅमेऱ्याच्या दुप्पट वजनाची ज्वारी भरा, ती पट्ट्याला बांधा आणि गादीवर उभे राहून चार-सहा हिसके द्या. मग तीच पिशवी अर्धा तास अंगावर घेऊन अंगणात फिरा. मजबुती आणि सुख दोन्ही कळून येईल.

कापडाचेही गुणदोष आहेत. सुती पट्टा मऊ असतो, पण घाम पितो आणि लवकर विरतो. नायलॉन चिवट खरे, पण खांद्यावरून घसरते आणि कडा काचतात. कातडे वर्षानुवर्षे टिकते, मात्र कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. ते कोरड्या फडक्याने पुसून वाऱ्यावर ठेवावे. सुती आणि नायलॉनचे पट्टे साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावेत, कारण कडक उन्हाने नायलॉनचा जोर कमी होतो.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. पट्ट्याने कॅमेऱ्याला धरावे. माणसाला मात्र धरू नये! मळणीयंत्र चालू आहे, पाणी काढणाऱ्या इंजिनाचा पट्टा फिरतो आहे, आणि शेतीचे फोटो घेण्यासाठी आपण वाकलो, तर गळ्यातला पट्टा त्यात अडकायला एक क्षण पुरे. ओढणी किंवा पदर मोटारसायकलच्या चाकात गुंतून झालेले अपघात आपण ऐकतोच. पट्टा जितका बळकट, तितका हा धोका मोठा. म्हणून फिरत्या यंत्राजवळ पट्टा गळ्यातून काढून हातात गुंडाळावा हे उत्तम असे वाटेल. पण तेही नको, कारण मग हात जातो. पट्टाच काढून ठेवावा आणि दूर उभे राहावे. मोटारसायकलवर कॅमेरा पिशवीत असावा. कळसूबाईसारख्या १,६४६ मीटर उंचीच्या शिखरावर लोखंडी शिड्या चढताना पुढे लोंबणारा कॅमेरा पायऱ्यांना आपटतो आणि पट्टा अडकतो. तिथे दोन्ही हात मोकळे ठेवून कॅमेरा पाठपिशवीत टाकावा. शिक्षकबंधूंनी व भगिनींनी आणखी एक पाहावे : मुलांच्या हाती कॅमेरा दिला, तर गळ्यात पट्टा घालून त्यांना पळू देऊ नये. शक्य तर चिमटीने दाबताच सुटणाऱ्या बक्कलाचा पट्टा घ्यावा. वेळप्रसंगी कॅमेरा गेला तरी चालेल, माणूस सुटला पाहिजे.

तेव्हा श्रोतेहो, पट्टा घेताना रंग आणि नाव पाहू नका. रुंदी पाहा, शिवण पाहा, कडी पाहा, आणि तो झटकन सोडता येतो का हे पाहा. महिन्यातून एकदा दिव्याखाली धरून तो तपासा. एवढी पाच मिनिटे दिलीत, तर कॅमेरा सुखरूप राहील, आणि तो बाळगणाराही.