प्लॉट, फ्लॅट आणि ‘कोण येतील काय माहीत’



मी सॉफ्टवेअरवाला. नगररचना हा माझा विषय नाही. पण गेली दोन वर्षं वर्ध्यात घर शोधणाऱ्या मित्रांचे कागद वाचून देतोय, म्हणून आयोजकांनी मलाच उभं केलं.

आपलं वर्धा 1866 साली पालकवाडीच्या जागेवर आखून वसवलेलं शहर. 2011 च्या जनगणनेत नगरपरिषदेच्या हद्दीत 1,06,444 लोक होते. पण शहर वाढतंय ते हद्दीबाहेर. नालवाडी, पिपरी, बोरगाव, सिंदी, सावंगी, उमरी, म्हसाळा. शेतात चुन्याच्या रेघा, चार सिमेंटचे खांब आणि एक फ्लेक्स, की झाला लेआउट. कारभार ग्रामपंचायतीचा, भाव शहराचा. त्यात सावंगी आणि सेवाग्रामला मेडिकल कॉलेजं, म्हणजे भाड्याच्या खोल्यांनाही कायम गिऱ्हाईक.

इथं घर म्हणजे स्वतःचा प्लॉट, ही समजूत पक्की. जरा हिशोब करू. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. रस्ते आणि मोकळी जागा सोडून समजा 60 टक्के उरली. 1,500 फुटांचे 17 प्लॉट पडतात, म्हणजे 17 कुटुंबं. त्याच प्लॉटवर तीन मजले आणि दर मजल्याला एक कुटुंब धरलं तर 51. बांधकामाचा खर्च यानं फारसा वाचत नाही, पण जमिनीचा पैसा तिघांत वाटला जातो. आणि आपल्या पोरांचं अडतं ते जमिनीपाशीच.

मग अशी घरं का होत नाहीत? लेआउटमधल्या जुन्या रहिवाशांना विचारा. ते म्हणतात, पाणी कुठून आणणार? उन्हाळ्यात बोअर आटतात, गटार नाही, शोषखड्डे भरून वाहतात, गाड्या रस्त्यावर लागतात. हे सगळं खरं आहे आणि मी ते हसण्यावारी नेणार नाही. यावर टाकी, गटार, पार्किंग हा उपाय आहे. पण थोडा वेळ बसलात की आवाज खाली येतो: “फ्लॅटमध्ये कोण येतील काय माहीत.” या हरकतीला कुठलीच पाइपलाइन पुरत नाही. खोली बघायला जाऊन नाव सांगितल्यावर “कालच दिली हो” हे ज्यांनी ऐकलंय, त्यांना मी काय म्हणतोय ते कळलं असेल. मुस्लिम वस्त्या काही ठरावीक भागांतच का दाटतात, हे सच्चर समितीनं 2006 मध्ये लिहून ठेवलंय. पण आपल्या मोहल्ल्यात नर्सिंगच्या दोन मुली खोली मागायला आल्या की आपले चाचाही हेच म्हणतात ना? मग तक्रार कुणाची करायची?

नियमही मदतीला येत नाहीत. राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली डिसेंबर 2020 मध्ये आली. 10 लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या महापालिकांत 4,000 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पात 20 टक्के वाटा लहान घरांना किंवा लहान भूखंडांना ठेवावा लागतो. वर्ध्याला ही अट लागूच नाही. 500-600 फुटांचे प्लॉट पाडायचे की नाही, हे लेआउटवाल्याच्या मर्जीवर.

मंजूर लेआउटमध्ये परवडत नाही तो माणूस गुंठ्याकडे वळतो. 1,089 चौरस फूट, शेतातला तुकडा, स्टॅम्पवर इसारपत्र, नोटरीचा शिक्का. तुकडेबंदी कायदा 1947 चा. 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे हे किमान क्षेत्र. गुंठेवारी नियमित करायचा कायदा 2001 चा, पुढे मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढली, 2025 मध्ये तुकडेबंदी आणखी सैल झाली. चांगलंच झालं. पण कागद नियमित झाला म्हणून समोर नऊ मीटरचा रस्ता उगवत नाही. दहा फुटांच्या बोळात अॅम्ब्युलन्स शिरत नाही ती नाहीच.

आणि एक गोष्ट खास आपली. व्याज नको म्हणून आपल्यातले कितीतरी जण बँकेकडे जात नाहीत, मालकालाच हप्ते देतात. ज्याची त्याची श्रद्धा, त्यावर मी बोलणार नाही. पण बँक कर्ज देताना तिचा वकील जमिनीचा तीस वर्षांचा शोध घेतो, अकृषक आदेश बघतो, मंजूर नकाशा मागतो. बँक टाळली की ही चाळणीही गेली. अब्बूंच्या रिटायरमेंटचा पैसा मग ओळखीच्या माणसाच्या शब्दावर जातो. हे काम फी देऊन स्वतःच्या वकिलाकडून करून घ्या. प्लॉटच्या किमतीपुढे ती फी काहीच नाही.

नकाशात मोकळी जागाही बघा. 4,000 चौरस मीटर आणि मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के सोडावी लागते. ती जागेवर आहे का, की तिथं कुणाचं गोडाऊन उभं आहे, हे ग्रामसभेत विचारता येतं. वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात. तिथं आपली तरुण मंडळी क्वचितच दिसतात, बाया तर नाहीच. लहान प्लॉट हवेत, तीन मजल्यांना विरोध नको, आधी टाकी बांधा, हे तिथंच बोलायला हवं. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींना 30 दिवस मिळतात. त्या दिवसांत ‘आमच्या गल्लीत फ्लॅट नको’ म्हणणारे अर्ज येतातच. ‘आम्हाला राहायला जागा हवी’ असा अर्ज येत नाही, कारण तो लिहिणारा अजून तिथं राहतच नसतो. त्याच्या वतीनं दहा जणांनी लिहायला काय हरकत आहे? मसुदा मी करून देतो.

चला, प्रश्न घेऊ. कागद आणलेत त्यांनी आधी सातबारा काढा, इसारपत्र नंतर बघू.