पाच मिली धूर

आजचा एपिसोड छोटा आहे. आणि महाराष्ट्रात राहत असाल, वय २५ पूर्ण नसेल, तर हा फक्त ऐकायचा, करून बघायचा नाही. हार्ड लिकरसाठी कायदा २५च म्हणतो, शिवाय परमिटही लागतं.

तर विषय आहे स्मोकी मार्टिनी. म्हणजे नेहमीची जिन मार्टिनी, पण त्यात धुरकट व्हिस्कीचा नुसता इशारा.

हा धूर येतो कुठून? स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाचं बेट आहे. तिथे पीट सापडतं. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबून राहिलेली झाडंझुडपं. ती माती कापून, वाळवून जाळायची आणि तिच्या धुरावर मोड आलेलं ओलं बार्ली वाळवायचं. धुरातली फेनॉल्स दाण्याला चिकटतात, ती थेट बाटलीपर्यंत येतात. लाफ्रॉइग, आर्डबेग ही त्यातली प्रसिद्ध नावं. आपल्याकडे गोव्याची पॉल जॉन आणि बंगळुरूची अमृत, दोघांच्याही पीटेड व्हिस्की मिळतात.

पहिल्या वेळी मी शहाणपणा केला. जिन ६० आणि व्हिस्की तब्बल ३० मिली! जिन गायबच झाली. करपलेल्या भाताचं पाणी प्यायल्यासारखं वाटलं. फेनॉलचा वास अगदी थोडा असला तरी नाकाला कळतो, म्हणून पाच मिली पुरतात. जिनमधल्या जुनिपरला मुळात पाइनच्या लाकडासारखा वास असतो, त्यावर हा धूर छान बसतो.

आता कृती. ग्लास आधी फ्रीझरमध्ये ठेवा. एका मोठ्या ग्लासात ६० मिली जिन, १० मिली ड्राय व्हर्मूथ आणि ५ मिली पीटेड व्हिस्की घ्या. काठोकाठ बर्फ भरा आणि अर्धा मिनिट ढवळा. शेक करू नका, पेय गढूळ होतं. बर्फाचं विरघळलेलं पाणीसुद्धा यातला घटकच आहे, त्यामुळे ढवळायचा कंटाळा नको. चहाच्या गाळणीने गाळा. वरून लिंबाच्या सालीचा पातळ तुकडा पिळा, सालीचा पांढरा भाग नको, कडू लागतो. आणि हो, व्हर्मूथ ही वाइनच आहे. उघडल्यावर फ्रिजमध्येच ठेवा.

आता खरी गोष्ट सांगतो. दिवाळीनंतर बाबा फ्लॅटवर राहायला आले होते. ओट्यावर माझं मोजमापाचं छोटं स्टीलचं भांडं, जिगर, वाळत पडलेलं. त्यांनी उचलून विचारलं, "औषधाचं माप का रे?"

आमच्या घरात दारू हा विषय निघत नाही. धाकटे काका दारूनेच गेले, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. मी "हो" म्हणून सुटू शकलो असतो. नाही म्हणालो. सगळं सांगितलं.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कर, बघू दे."

मी मोजून केली. त्यांनी ग्लास नाकाशी नेला. "हा तर चुलीचा वास," म्हणाले आणि न पिता परत दिला. मग विचारलं, "अशा किती घेतोस?"

"एकच."

"आणि तेवढ्यात किती असते?"

मी हिशोब करून दाखवला. जिन ४२.८ टक्के, वर व्हिस्की आणि व्हर्मूथ, म्हणजे साधारण ३० मिली शुद्ध अल्कोहोल. पाच टक्क्यांच्या ६५० मिली बिअरच्या बाटलीत जवळपास तेवढंच असतं. ग्लास दिसतो एवढासा. खरं सांगू, तो आकडा मोठ्याने बोलताना मीच दचकलो.

बाबा एवढंच म्हणाले, "तुझा काका कधी मोजायचा नाही."

त्या रात्री जिगर त्यांनीच पुसून कपाटात ठेवला, समोरच, दिसेल असा. तेव्हापासून तो तिथेच असतो. धुरासाठी पाच मिली मोजायला आणला होता, आता मुख्यतः साठला थांबायला वापरतो.

बनवलीत तर कळवा. पण एकच, आणि गाडी घरी ठेवून. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!