सुरजागडचा ‘टाकाऊ’ दगड

मी मूळचा चंद्रपूरचा, पोटापाण्यासाठी पुण्यात कोडिंग करतो. मागच्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा एटापल्लीच्या मित्राने हातात एक दगड दिला. काळपट पट्टा, फिका पट्टा, पुन्हा काळपट. म्हणे, “हा फेकायचा माल होता भाऊ, आता यातूनही लोखंड काढणार.”

याला बीएचक्यू म्हणतात, म्हणजे बँडेड हेमेटाइट क्वार्ट्झाइट. काळपट पट्टा लोखंडाच्या खनिजाचा, फिका गारगोटीचा. चांगल्या खनिजात 60 टक्क्यांच्या वर लोखंड असतं, यात साधारण 30 ते 40. म्हणून तो ढिगात जायचा.

काढतात कसं? दोन्हीचे कण एकमेकांत घट्ट अडकलेले, म्हणून दगड आधी पिठासारखा दळायचा. मग पाण्यात कालवून जड कण वेगळे करायचे, किंवा ताकदवान चुंबकाने ओढायचे. (फ्रिजवरचं चुंबक लावून पाहिलं मी. पोपट झाला! हेमेटाइटला साधं चुंबक पुरत नाही.)

आता जरा गणित करू. समजा 100 किलो दगड घेतला, त्यात 35 किलो लोखंड. त्यातलं 70 टक्के हाती लागलं तर साडेचोवीस किलो. 65 टक्क्यांची पावडर बनवली तर तिचं वजन साधारण 38 किलो. उरले 62 किलो. आधी ते दगड होते, ढिगात नुसते पडून असायचे. आता तो बारीक, ओला गाळ आहे. गडचिरोलीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, आणि खाली धानाच्या बांध्या.

मी याच्या विरोधात नाही हं. खणून झालेल्या दगडातून लोखंड मिळत असेल तर ते घ्यावंच. पण 25 जानेवारी 2019 ला ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्योला लोहखनिजाच्याच गाळाचं धरण फुटलं आणि 270 माणसं गेली. गाळ फिल्टर प्रेसमध्ये दाबून, पाणी काढून, कोरडा रचताही येतो. खर्च जास्त येतो, एवढंच.

तिकडचे कोणी ऐकत असाल तर एक काम करा. अशा प्रकल्पाची जनसुनावणी लागली की पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीतही द्यावा लागतो, 2006 च्या अधिसूचनेत तसं आहे. त्यात किती टन लोखंड निघणार ते पहिल्याच पानांवर सापडेल. तुम्ही ‘टेलिंग्ज’ हा शब्द शोधा. गाळ किती, ठेवणार कुठे, ओला की कोरडा? उत्तर नसेल तर सुनावणीत उभं राहून विचारा, आणि लेखी पण द्या.

दगड अजून माझ्या लॅपटॉपशेजारी आहे. भेटू पुढच्या भागात!