समुद्राकाठचा एक दिवस



आपला सोलापूर जिल्हा कोरडा. वर्षाला वीस-पंचवीस इंच पाऊस पडला तरी आपण समाधान मानतो. पाणी म्हणजे विहीर, तळं, नाहीतर भीमामाई. एवढंच आपल्याला ठाऊक. म्हणून हिवाळ्यात आम्ही वीस-बावीस जण समुद्र बघायला कोकणात गेलो. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरलो. रत्नागिरी जिल्ह्यात मालगुंड गावाजवळ एका बागेत तंबू ठोकले. हे कवी केशवसुतांचं जन्मगाव. चार दिवस तिथं मुक्काम केला. त्यातल्या एका दिवसाची हकिकत सांगतो.

त्या दिवशी एकादशी होती. शिदोरीला शेंगदाण्याचे लाडू घेतले आणि भाड्याच्या दोन गाड्यांतून निघालो. पहिल्यांदा गणपतीपुळ्याला दर्शन घेतलं. देऊळ अगदी समुद्राला लागून आहे. देवळामागचा डोंगर हेच देवाचं रूप मानतात. म्हणून प्रदक्षिणा घालायची ती सगळ्या डोंगराला.

पुढं किनाऱ्याकिनाऱ्यानं रत्नागिरीचा रस्ता धरला. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला समुद्र. नेवरे गाव मागं पडलं. आरे आणि वारे या गावांजवळ रस्ता चढणीला लागतो. वरून बघितलं तर खाली पांढरी वाळू, सुरूची झाडं आणि नजर पोहोचेल तिथवर निळं पाणी! आमच्यातली एक म्हातारी हात जोडून उभीच राहिली. म्हणाली, "एवढं पाणी, अन् प्यायला थेंब नाही!"

दहा वाजले होते. खाली उतरलो. आमच्यातल्या एका तरण्या गड्यानं सदरा काढला. तो विहिरीत वरून उड्या मारणारा, पुरात भीमा पार करणारा. तो पाण्याकडं धावणार, तेवढ्यात जाळं सुकवत बसलेला एक म्हातारा कोळी ओरडला, "अरे बाबा, थांब! ओहोटी लागलीय. पाणी आत ओढतंय."

गडी म्हणाला, "काका, मला पोहता येतं."

म्हातारा म्हणाला, "इथं बुडतात ते बहुतेक पोहणारेच असतात. न पोहणारा काठावरच बसतो."

मग त्यानं आम्हांला वाळूवर बसवून सगळं समजावलं. मंडळी, ते नीट ध्यानात ठेवा.

समुद्राचं पाणी दिवसातून दोन वेळा चढतं आणि दोन वेळा उतरतं. चढतं ती भरती, उतरतं ती ओहोटी. दोन्हींमध्ये सहा तासांचं अंतर. ही चंद्राची करणी. म्हणून कोळी लोक तिथीवरून वेळ काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमाराला भरती पुरी. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सव्वाआठला भरती पुरी झाली आणि सव्वादोनपर्यंत पाणी उतरत राहणार. यात थोडं मागंपुढं होतं. पुनवेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. पुनव-अवसेला भरती मोठी असते. तिला उधाण म्हणतात.

आता ओढ म्हणजे काय? लाटा पाणी काठावर आणून टाकतात. त्या पाण्याला परत जायला वाट हवी. शेताचा बांध एका जागी फुटला की सगळं पाणी त्या फटीतून धावतं, तसंच इथं होतं. ती वाट वरून शांत दिसते. तिथं लाटा कमी फुटतात. नवख्याला वाटतं, हीच जागा बरी. आणि तीच त्याला आत नेते!

ओढीत सापडलं तर काठाकडं झगडत पोहू नये. दम संपतो. अंग सैल सोडून तरंगत राहावं, हात वर करून हाक मारावी. पोहता येत असेल तर काठाला समांतर, आडवं पोहावं. ओढ सुटली की मग काठाकडं वळावं. काठावरच्यांनी मागोमाग उडी घालू नये. एकाचे दोन जातात. दोर, रिकामा डबा, फुगवलेली ट्यूब, जे हाती लागेल ते फेकावं आणि गावकऱ्यांना बोलवावं.

आमच्या गड्यानं मुकाट्यानं सदरा चढवला. आम्ही सगळे काठावर घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिलो. पायाखालची वाळू सरकताना ओढ काय असते ते कळलं.

दुपारी रत्नागिरीला पोहोचलो. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली या गावात झाला. ते जन्मस्थान पाहिलं. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली राज्यावरून काढलं आणि पुढं इथं आणून ठेवलं. १९१६ साली तो इथंच वारला. त्याचा राजवाडा पाहिला. संध्याकाळी रत्नदुर्गावरून सूर्य समुद्रात बुडताना पाहिला आणि तंबूकडं परतलो. बावीस निघालो होतो, बावीस परत आलो.

मंडळी, कोकणात जरूर जा. मुलाबाळांना समुद्र दाखवा. पण आपली भीमा वेगळी आणि समुद्र वेगळा. पावसाळ्यात तर पाण्यात पाऊलही टाकू नका. त्या दिवसांत कोळीसुद्धा होड्या काठावर ओढून ठेवतात. काठावर धोक्याची पाटी असेल तर ती वाचा. आता तुम्हांला वाचता येतं. आणि पाटी नसेल तर तिथल्या माणसाला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.